सिस्टर घरी येते तेव्हा

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी आयसीयूत नर्स आहे. मागच्या महिन्यात ती नाईट ड्युटीवरून आली आणि भिंतीला टेकून बसली. आपाने चहा दिला, शेजारच्या खालांना दोन दिवस ताप आहे म्हणून सांगितले. ‘गोळी द्या,’ एवढेच ती बोलली. आपाला राग आला. परक्यांची सेवा करायची आणि आपल्या माणसांची विचारपूसही नाही!

नंतर कळले, बारा दिवस सांभाळलेला पेशंट त्या पहाटे गेला होता. तासाभरात बेड पुसून त्यावर दुसरा आला.

या अवस्थेला ‘करुणेचा थकवा’ म्हणता येईल. कार्ला जॉइन्सन या परिचारिकेने 1992 मध्ये अमेरिकेतील नर्सिंगच्या मासिकात तत्काळ उपचार विभागातल्या नर्सबद्दल त्याविषयी लिहिले. जादा पाळ्या आणि तुटपुंजा पगार यांनी माणूस पिचतो, ते वेगळे. हा थकवा दुसऱ्याचे दुःख रोज अंगावर घेतल्याने येतो. म्हणजे जिला माया जास्त, तिलाच तो लवकर गाठतो. तो मोजण्यासाठी बेथ स्टॅम यांची 30 विधानांची प्रश्नावली वापरतात. तिच्यात सेवेतून मिळणारे समाधानही मोजले जाते. एकाच नर्सच्या मनात दोन्ही असू शकतात. भाचीला नोकरी सोडायची नाही, मात्र कधीकधी ड्युटीवर जायचेही नसते.

आयसीयूची एक अडचण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पेशंट सुधारला की वॉर्डात जातो. त्याला चालताना, घरचा डबा खाताना वॉर्डातली सिस्टर पाहते. आयसीयूतल्या सिस्टरच्या वाट्याला नळ्या, अलार्म आणि दाराबाहेरचे रडणे. बरा झालेला एखादा भेटायला आला, तर तो दिवस ती विसरत नाही. नातेवाइकांनी एवढे तरी करावे.

बाकीचे रुग्णालयांनी करायचे आहे. व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक नर्स असावी, हा मापदंड कागदावर आहे. भाचीकडे कधी तीनही असतात. खासगी रुग्णालयांतील नर्सच्या पगाराचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पगार हवाच, पण मृत्यूनंतर दहा मिनिटे बसायला मिळणेही हवे.

आपा आता ती आल्यावर कोणाच्या तापाचे सांगत नाही. जेवण झाकून ठेवते, पडदा ओढते. भाचीला स्थळे येताहेत. सगळे नाईट ड्युटी किती असते ते विचारतात. एका पाळीत किती पेशंट असतात, हे अजून कोणी विचारलेले नाही.