वाचलेला हेलपाटा

मी व्हॉल्व्ह विकते. घरातल्या नळाचे नव्हेत. केमिकल प्लांट, रिफायनरी, औषधांचे कारखाने इथल्या पाइपलाइनींत ॲसिड, वाफ, सॉल्व्हंट चालू-बंद करणारे, काही तर क्रेननेच उचलावे लागणारे. कारखाना भोसरी एमआयडीसीत आणि गिऱ्हाईक वापी, अंकलेश्वर, दहेज, महाडपासून विशाखापट्टणमपर्यंत पसरलेलं. त्यामुळे माझी अर्धी नोकरी टूरवर गेली. रात्री पुण्याहून स्लीपर बस पकडायची, पहाटे हायवेवर उतरायचं, लॉजवर अंघोळ उरकायची आणि साडेनऊला पार्टीच्या गेटवर हजर व्हायचं.

एवढ्या धावपळीत प्रत्यक्ष मीटिंग किती वेळ चालायची? पर्चेस ऑफिसरच्या केबिनमध्ये वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. आमच्या अकाउंट्सवाल्यांना हा निव्वळ वेडेपणा वाटायचा आणि टीए-डीएचं बिल पास करताना ते तसं बोलूनही दाखवायचे. पण मीटिंग हाच टूरमधला सर्वांत कमी कामाचा भाग असे. खरी कमाई तिच्या आधी आणि नंतर व्हायची.

गेटवर सिक्युरिटीच्या टेबलावर एक जाडजूड रजिस्टर असायचं. नाव, कंपनी, कोणाला भेटायचंय, लॅपटॉपचा नंबर, आत जाण्याची वेळ. आपली ओळ सावकाश भरायची आणि तेवढ्यात वरच्या ओळींवरून नजर फिरवायची. कालच स्पर्धकाचा माणूस येऊन गेलाय आणि तो पर्चेसला नव्हे, प्रोजेक्ट्सवाल्यांना भेटलाय, एवढं दिसलं की समजायचं, नव्या प्लांटचं काम निघालंय. ही बातमी कुठल्याही मेलमधून यायची नाही. मग रिसेप्शनमध्ये ताटकळणं. तिथे पंपवाला, गॅस्केटवाला, इन्स्ट्रुमेंटवाला, सगळे आपल्यासारखेच बसलेले. कोणत्या कंपनीचं पेमेंट अडकलंय, कोणता मॅनेजर नोकरी सोडून चाललाय, हे त्या सोफ्यावर कळायचं. आणि शेवटी, नशीब असेल तर, मेंटेनन्सचा एखादा जुना माणूस ‘चलो बेन, दिखाता हूं’ म्हणत हेल्मेट देऊन प्लांटमध्ये घेऊन जायचा. तिथे आमचा व्हॉल्व्ह ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या सीलमधून, ठिबकताना दिसायचा आणि शेजारी दुसऱ्या कंपनीचा ठणठणीत कोरडा. या ठिबकण्याची लेखी तक्रार कोणी केलेली नसायची. कंटाळा, दुसरं काय! तक्रार न करता लोक पुढच्या वेळी गुपचूप दुसऱ्याचा माल मागवतात, आणि आपण पुण्यात बसून भाव कमी पडला की काय याचा विचार करत राहतो.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे हे सगळं एका झटक्यात थांबलं. २५ मार्चपासून देशांतर्गत विमानं बंद झाली, प्रवासी रेल्वे बंद होतीच. जिल्ह्याची हद्द ओलांडायची तर पोलिसांचा ई-पास लागू लागला. विमानं २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली, तीही आधी एक तृतीयांश. पूर्ण क्षमतेने उडायला १८ ऑक्टोबर २०२१ उजाडला, आणि परदेशची नियमित विमानं तर २७ मार्च २०२२ ला सुटली. मधल्या काळात, नोव्हेंबर २०२० पासून, गुजरातहून विमानाने किंवा रेल्वेने महाराष्ट्रात परतायचं तर आरटी-पीसीआरचा निगेटिव्ह रिपोर्ट हवा. अर्ध्या तासाच्या मीटिंगसाठी नाकात काडी घालून घ्यायची हौस कोणाला असणार? मोठ्या प्रदर्शनांचीही तीच गत. जर्मनीतला हॅनोव्हर मेसे १९४७ पासून भरतो. यंत्र-तंत्राच्या धंद्यातल्या माणसाची ती पंढरी. २०२० मध्ये तो इतिहासात पहिल्यांदा रद्द झाला आणि पुढच्या वर्षी नुसता स्क्रीनवर पार पडला.

झूम हे नाव तोवर आमच्या ऑफिसात फारसं कोणी ऐकलेलं नव्हतं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच्या मीटिंगांना रोज १ कोटी हजेऱ्या लागत, एप्रिल २०२० मध्ये ३० कोटी. (हजेऱ्या; माणसं नव्हेत. दिवसात चार मीटिंगा करणारा चारदा मोजला जातो.) त्याच एप्रिलमध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याचा इशारा दिला, मग एक पार्टी टीम्सवर, एक वेबेक्सवर, एक गुगल मीटवर असा खेळ सुरू झाला. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. जे प्लांट हेड तीन-तीन खेटे घालूनही भेटत नसत, ते घरातल्या पलंगावर टेकून, मागे कुकरच्या शिट्ट्या चालू असताना, निवांत बोलू लागले. दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन प्लांटसाठी व्हॉल्व्ह लागले तेव्हा तर मीटिंग, निगोशिएशन काहीच नाही. रात्री फोन, व्हॉट्सॲपवर ड्रॉइंग, सकाळी माल गाडीत. त्या दिवसांत भावाची घासाघीस कोणी केलेली मला आठवत नाही.

खरा पेच होता इन्स्पेक्शनचा. आमच्याकडे माल तयार झाला की पार्टीचा किंवा थर्ड पार्टीचा इन्स्पेक्टर येतो, त्याच्यासमोर टेस्ट होते, तो सही करतो, मगच माल निघतो. आठ इंची व्हॉल्व्ह घ्या. एपीआय ५९८ या मानकाप्रमाणे आत पाणी भरून, त्याला सोसायच्या कमाल दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि दोन मिनिटं धरायचा. बाहेर एक थेंब दिसता कामा नये. मग व्हॉल्व्ह बंद करून सीटवर १.१ पट दाब. इन्स्पेक्टर बडोद्यात आपल्या घरी अडकलेला आणि व्हॉल्व्ह भोसरीत टेस्ट बेंचवर. करणार काय?

व्हिडिओ कॉल केला. शॉपवरचा एक हेल्पर मोबाइल धरून उभा, वर पत्र्याचं छत, त्यामुळे नेटवर्क येऊन-जाऊन. साहेब मुरलेले होते. ‘आधी बॉडीवर खडूने मी सांगतो तो नंबर लिहा,’ म्हणाले. म्हणजे जुना व्हिडिओ दाखवतोय अशी शंका नको. मग कास्टिंगवर उठलेला, धातू कोणत्या ओतातला ते सांगणारा हीट नंबर जवळून दाखवा, प्रेशर गेजच्या कॅलिब्रेशनचं स्टिकर दाखवा, तारीख वाचू द्या. गेजचा काटा आणि स्टॉपवॉच एकाच फ्रेममध्ये ठेवा. कॉल न तोडता व्हॉल्व्हभोवती पूर्ण फेरी मारा. इथवर जमलं. अडलं ते ओलाव्याशी. समोर उभा असलेला इन्स्पेक्टर फ्लँजच्या जोडावरून बोट फिरवतो. बोटाला जे कळतं ते कॅमेऱ्याला कळत नाही, आणि घासलेलं लोखंड दिव्याखाली तसंही ओलं असल्यासारखं चमकतं. आमच्या टेस्टिंगच्या फोरमनने तोडगा काढला. कोरडा टिश्यू पेपर जोडावरून फिरवायचा आणि कॅमेऱ्यापुढे उलगडून धरायचा. साहेबांनी बडोद्यातून पाहिला, पुन्हा एकदा फिरवायला लावला आणि मगच ‘ओके’ म्हटलं.

हा टिश्यू पेपर आमच्याकडे आजही चालू आहे. नेहमीचा माल, नेहमीची पार्टी असेल तर इन्स्पेक्टर येत नाही, कॉलवर टेस्ट पाहतो. पहिली ऑर्डर असेल, धातू खास असेल किंवा व्हॉल्व्ह जिवावर बेतणाऱ्या जागी बसणार असेल, तर मात्र स्वतः येतो. महामारीनंतरच्या धंद्यातल्या प्रवासाची सगळी वाटणी मला या एका उदाहरणात दिसते. जिथे दोघांनाही काय हवंय ते आधीच ठाऊक आहे, तिथला प्रवास गेला. जिथे ते ठाऊक नाही, तिथला परत आला.

बिल गेट्स यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये भाकीत केलं होतं की धंद्यासाठीचा निम्म्याहून अधिक प्रवास कायमचा संपेल. तसं झालं नाही. व्यावसायिक प्रवासाचा हिशेब ठेवणाऱ्या जीबीटीए या संस्थेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगभरात या प्रवासावर सुमारे १.४ लाख कोटी डॉलर खर्च झाले, २०२० मध्ये त्याच्या निम्म्याहूनही कमी, आणि २०२४ च्या सुमारास खर्चाने जुना आकडा गाठला. यात महागाई धरलेली नाही. तिकीट आणि हॉटेल किती महागलं ते आपण सगळे जाणतोच, तेव्हा त्याच पैशांत आज कमी माणसं कमी वेळा फिरतात. आयटीवाल्यांचं प्रकरण वेगळं. त्यांचा माल तारेतूनच जातो. हिंजवडीतल्या कंपन्यांना ऑनसाइट माणसं न पाठवताही प्रोजेक्ट पार पडतात हे कळलं, प्रवासखर्च वाचला, नफा सुधारला.

दोन अभ्यास मला पटले. मास्टरकार्डच्या कंपनी-कार्डांवरचा खर्च तपासून काही संशोधकांनी २०२० मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये लिहिलं की व्यावसायिक प्रवासातून एका देशातलं धंद्याचं ज्ञान दुसऱ्या देशात जातं, तो कायमचा थांबला तर जगाचं उत्पादन १७ टक्क्यांनी घटेल. आकडा मला जरा फुगीर वाटतो. पण ज्ञान माणसाबरोबर जातं हे मात्र खरं; आमच्या ग्लँड पॅकिंगमधली सुधारणा एका प्लांटमधल्या फिटरने कानात सांगितलेली आहे. दुसरा अभ्यास २०२२ चा, ‘नेचर’मधला, मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव यांचा. व्हिडिओवर बोलणाऱ्या जोड्यांना समोरासमोर बसलेल्यांपेक्षा नव्या कल्पना कमी सुचल्या, पण सुचलेल्यांतली चांगली निवडण्यात त्या मागे पडल्या नाहीत. स्क्रीनवर नजर खिळलेली राहते, आणि नजरेबरोबर डोकंही, असं त्यांचं स्पष्टीकरण. कोटेशनं समोर ठेवून त्यातलं एक निवडायचं असेल तर टीम्स पुरतं. आपल्याला नेमका कोणता त्रास होतोय हेच पार्टीला सांगता येत नसेल, तर बूट घालून प्लांटमध्येच जावं लागतं.

भावाच्या बोलणीत फरक पडला तो गमतीचा. पूर्वी पर्चेसवाल्यांना आपसात ठरवायचं असलं की ‘मॅडम, जरा बाहेर बसता का?’ म्हणायचे. बाहेर बसलं तरी काचेतून चेहरे दिसत, साधारण अंदाज यायचा. आता ते माइक आणि कॅमेरा दोन्ही बंद करतात आणि समोर नावाची आद्याक्षरं लिहिलेले गोल. त्यातून काय वाचणार? आपला स्वतःचा चेहरा तेवढा कोपऱ्यात दिसत राहतो, आणि अडचणीत सापडलेल्या विक्रेत्याला त्या वेळी स्वतःचा चेहरा पाहायचा नसतो.

या बदलात माझा मात्र फायदाच झाला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आमच्या धंद्यात बायका कमी. बरेच सौदे संध्याकाळी ‘बसल्यावर’ पक्के होत, तिथे मला कोणी बोलवत नसे आणि मला जायचंही नसे. ती संध्याकाळ बरीच ओसरली. आता सकाळी अकराच्या कॉलला सगळे सारखेच चौकोनात बसलेले असतात. रात्रीच्या बसमधले, अनोळखी लॉजमधले कडी दोनदा तपासायचे दिवस कमी झाले, घरात ‘आज मुक्काम कुठे?’ हा प्रश्न विरळ झाला. ज्यांचं पोट आमच्या मुक्कामांवर होतं, त्यांचं नुकसान झालं. एमआयडीसी-जीआयडीसीच्या आसपासची लॉजेस, दिवसभर गाडी घेऊन गेटबाहेर थांबणारे ड्रायव्हर, थाळीवाले.

आणि नुकसान झालं नव्या कंपन्यांचं. याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. आम्ही २०२० आणि २०२१ तरून गेलो ते दहा-पंधरा वर्षं चपला झिजवून जमवलेल्या ओळखींवर. व्हिडिओवर चेहरा दिसला की समोरच्याला मागच्या भेटी आठवत, म्हणून भरवसा बसे. पण ज्या छोट्या कारखानदाराने त्याच सुमारास धंदा सुरू केला, त्याला कोण ओळखतं? त्याच्या मेलला ‘व्हेंडर लिस्टमध्ये नाव नाही’ एवढंच उत्तर. पूर्वी तो गेटवर जाऊन बसला असता, चार दिवसांनी कोणीतरी दया येऊन आत घेतलं असतं. आता बऱ्याच प्लांटच्या गेटवर रजिस्टरच उरलेलं नाही. आतल्या माणसाने आधी अपॉइंटमेंट टाकायची, मग आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो. आत कोणी ओळखीचं नसेल तर ओटीपी येणार कुठून? जुन्यांना स्क्रीनने पंख दिले, नव्यांच्या तोंडावर दार लावलं.

तीच गोष्ट नोकरीला लागणाऱ्या मुलांची. आमच्याकडे २०२१ नंतर आलेली मुलं हुशार आहेत, प्रेझेंटेशन माझ्याहून देखणं करतात, एका दिवसात पाच पार्ट्यांशी बोलतात. पण व्हॉल्व्ह ठिबकताना त्यांनी पाहिलेला नाही, मेंटेनन्सच्या माणसाचा जेवणाचा डबा कुठे ठेवलेला असतो ते त्यांना माहीत नाही आणि पार्टीचं पेमेंट का अडलंय हे त्यांना मेलवरून समजेल असं वाटतं. यात त्यांचा दोष नाही, त्यांना कोणी पाठवलेलंच नाही. दर वर्षी बजेट करताना टूरच्या आकड्यावर लाल रेघ मारणाऱ्या मालकांना म्हणून एवढीच विनंती आहे. मला पाठवू नका हवं तर. माझ्या पार्ट्या मला कॉलवरही ओळखतात. या मुलांना मात्र पहिलं वर्षभर तरी दर महिन्याला एखाद्या प्लांटवर पाठवा, आणि त्या दिवशी ऑर्डर आणली का, असं विचारू नका.