सिमेंटच्या पत्र्याला ड्रिल मारताय? थांबा, आधी हे वाचा

मे महिना संपत आला की गावोगावी एकच काम निघतं. छपराची डागडुजी. कौलं असतील तर फुटकी बदलायची, पत्रे असतील तर गळती काढायची. यातला राखाडी, पन्हळी, उचलायला जड लागणारा पत्रा म्हणजे आपला सिमेंटचा पत्रा. दुकानात त्याला ‘एसी शीट’ही म्हणतात. या एसीचा थंडाव्याशी काही संबंध नाही बरं का. ए म्हणजे ॲस्बेस्टॉस आणि सी म्हणजे सिमेंट.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, म्हणजे एका अर्थी दगडच. पण त्याचे कापसासारखे तंतू सुटतात. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत आणि ओढून सहजी तुटत नाहीत. ऑस्ट्रियाच्या लुडविग हाचेक यांनी १९०० च्या सुमारास हे तंतू सिमेंटमध्ये मिसळले आणि कागद बनवायच्या यंत्रासारख्या यंत्रावर त्याचे पातळ पत्रे काढले. मालाला नाव दिलं ‘इटरनिट’, लॅटिनमधल्या ‘चिरंतन’ अर्थाच्या शब्दावरून.

भारतात १९३४ मध्ये मध्य प्रदेशातल्या कैमोरला याचा कारखाना निघाला, पुढे मुंबईत मुलुंडलाही. पत्रा लोकांना आवडला आणि त्याची कारणं खरी आहेत. कोकणातल्या खाऱ्या हवेत लोखंडी पत्रा गंजतो, हा गंजत नाही. टिनाइतका तापत नाही, पावसात ताशासारखा वाजत नाही, शिवाय स्वस्त. म्हणून गोठा, पोल्ट्री, चाळ, शाळेची खोली, कारखान्याची शेड, सगळीकडे हाच दिसतो.

मग भानगड कुठे आहे?

पत्र्यात ॲस्बेस्टॉस साधारण ८ ते १० टक्केच असतं, बाकी मुख्यतः सिमेंट आणि राख. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात. त्यामुळे धड असलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून आज रात्री झोप उडवून घ्यायचं कारण नाही. पत्रे बनवणाऱ्या कंपन्याही हेच सांगतात आणि तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण पत्रा नुसता पडून राहतो कुठे? बसवताना तो कापतात, जे-बोल्टसाठी भोकं पाडतात. माकडं उड्या मारून फोडतात. वर्षानुवर्षं पावसानं वरचं सिमेंट झिजतं आणि तंतू उघडे पडतात. शेवटी घर पाडताना तोच पत्रा घणानं फोडून तुकडे रस्त्याच्या खड्ड्यात भरतात.

या प्रत्येक वेळी धूळ उडते. त्यातले तंतू केसापेक्षा कितीतरी पटीनं बारीक असतात. दिसत नाहीत, वास नाही, खोकलाही येईलच असं नाही. फुप्फुसात गेलेल्या तंतूला शरीरातल्या पेशी गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांना पचवता येत नाही. तिथं सूज येते, वण पडत जातात आणि फुप्फुस ताठर होतं. याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. त्याखेरीज फुप्फुसाचा कॅन्सर आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कॅन्सर होऊ शकतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका आणखी कैक पटीनं वाढतो. आणि हे सगळं उद्या-परवा होत नाही. तंतू आत गेल्यापासून आजार दिसायला २० ते ४० वर्षं लागतात. म्हणूनच ‘आम्ही इतकी वर्षं कापतोय, काय झालं?’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

इटलीतल्या कासाले मोनफेरातो या गावाला हे फार महागात पडलं. तिथला इटरनिटचा कारखाना १९८६ मध्ये बंद झाला, तरी मेसोथेलिओमाचे रुग्ण पुढची कित्येक वर्षं सापडत राहिले. त्यात कामगार तर होतेच, पण त्यांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकाही होत्या आणि कारखान्यात कधी पाऊलही न ठेवलेले गावकरी होते.

युरोपियन युनियननं २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे वेगळीच गंमत आहे. सरकारनं १९८६ पासून ॲस्बेस्टॉसच्या खाणींना नवे परवाने देणं बंद केलं, १९९३ पासून जुन्यांचं नूतनीकरणही थांबवलं. पण पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून आणायला आणि त्याचे पत्रे बनवायला परवानगी आहे. म्हणजे खणायला धोकादायक आणि कापायला चालतं!

छप्पर एका रात्रीत बदलणं कुणाच्या खिशाला परवडत नाही. त्यामुळे धड पत्र्याला हात लावू नका. शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा प्रेशरचं पाणी नको. कापणं टळतच नसेल तर पत्रा सतत ओला ठेवून, उघड्यावर, हातकरवतीनं कापा. ग्राइंडर तर नाहीच नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही, एन-९५ पेक्षा कमी दर्जाचा मास्कही नको. खरं तर त्याहून वरचाच हवा. धूळ झाडू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. आणि पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. जुना पत्रा माणसाच्या वजनानं अचानक फुटतो, वर चढलेला माणूस थेट खाली येतो.

नवीन छप्पर घालत असाल तर दुकानदाराला ‘ॲस्बेस्टॉस नसलेला’ फायबर सिमेंटचा पत्रा मागा. नुसतं बघून फरक कळत नाही, त्यामुळे बिलावर तसं लिहून घ्या. किंमत जास्त पडते, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्यांनी अशा कारखान्यात किंवा पत्रे कापायच्या कामात वर्षं काढलीत, त्यांच्यासाठी एक निकाल महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाला सांगितलं की कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यात जे नंतर येईल तोवर जपायच्या. ॲस्बेस्टॉसिस हा भरपाई मिळू शकणारा व्यवसायजन्य आजार आहे. पण रोजंदारीवर पत्रे कापणाऱ्या गवंड्याची, फॅब्रिकेटरची अशी नोंद कुठेच नसते. घरात असं कुणी असेल आणि आता चालताना धाप लागत असेल, तर डॉक्टरांना वयाबरोबर हेही सांगा की यांनी अमुक वर्षं सिमेंटचे पत्रे कापलेत. ओपीडीच्या गर्दीत हा प्रश्न बऱ्याचदा विचारलाच जात नाही.