मुरूम गेले, डाग राहिले

मुरूम आठ-दहा दिवसांत बसतो, पण त्याचा डाग महिनोन् महिने हटत नाही. रायपूरसारख्या शहरात, जिथे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो आणि नवतपात भर दुपारी रस्ते ओस पडतात, तिथे तो आणखीच गडद दिसू लागतो. मग आजी, मावशी, शेजारच्या काकू असे सगळ्यांचे उपाय सुरू होतात. तात्यापारा असो की चौबे कॉलनी, इथल्या मराठी घरांत चंदन उगाळायची सहाण अजूनही सापडते. मुलतानी माती, आंबेहळद, ज्येष्ठमध हे सगळं गोल बाजारात मिळतंच.

पण काही लावण्याआधी एक गोष्ट तपासा. डोळे मिटून डागावरून हलकेच बोट फिरवा. त्वचा सपाट लागली आणि फक्त रंग तपकिरी किंवा काळसर असेल, तर तो डाग आहे. मुरमाच्या सुजेमुळे तिथे मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार झालेलं असतं. असा डाग कमी होतो. वरवरचा असेल तर साधारण सहा महिने ते वर्षभरात. बोटाला खळगा लागला, तर तो व्रण आहे. आतलं कोलॅजन तुटलेलं असतं आणि तो कोणत्याही लेपाने भरत नाही. लेप लावून लावून कंटाळलेल्या अनेकांची तक्रार खरं तर खड्ड्यांची असते.

सपाट डागांवर सगळ्यात मोठा घरगुती उपाय कोणता? ऊन टाळणं! ऐकायला फिकं वाटतं, पण ऊन लागत राहिलं तर बाकी सगळं वाया जातं. स्कूटीवर निघताना चेहऱ्यावर दुपट्टा बांधायची इथल्या मुलींची सवय म्हणूनच चांगली आहे, फक्त तो रोज धुतलेला हवा. घामट, मळका कपडा घासला की नवे मुरूम येतात. सोबत एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लावा. चेहरा आणि मानेसाठी दोन बोटांच्या लांबीइतकं घ्या आणि बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. कोरफडीचा गर लावायचा असेल तर पान कापून आधी त्यातला पिवळा चीक निथळू द्या, तो खाजरा असतो. मग आतला पारदर्शक गर १५-२० मिनिटं ठेवून धुवा. ज्येष्ठमधात ग्लॅब्रिडिन नावाचा घटक असतो, जो मेलॅनिन तयार होण्याला आवर घालतो. त्याची बारीक पूड दह्यात कालवून आठवड्यातून दोनदा लावता येईल. हळद चिमूटभरच, नाहीतर डाग राहील तो राहील, वर चेहरा पिवळा! मुलतानी माती तेलकट त्वचेला बरी, पण ती पूर्ण वाळून ताणेपर्यंत ठेवू नका. काहीही नवीन लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. यांपैकी कशानेही आठवड्यात फरक पडत नाही. दोन-तीन महिने धरूनच चाला.

लिंबू मात्र चेहऱ्यापासून लांब ठेवा. त्याचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि जुन्या डागावर नवा डाग पडतो. खाण्याचा सोडा, टूथपेस्ट आणि जायफळ खसाखसा चोळणं हेही नको. चोळण्याने सूज वाढते आणि सुजेतूनच तर डाग जन्मतो.

खरा धोका मात्र मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबमध्ये आहे. लग्न ठरलं की 'पंधरा दिवसांत गोरं करणारी' ट्यूब हमखास कुणीतरी सुचवतं. अशा अनेक मलमांत बेटामेथासोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल हे स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, लव वाढते, मुरूम दुपटीने येतात आणि ट्यूब सोडली की चेहऱ्याची आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी घातली, ती याच कारणाने. ट्यूबवरचं बारीक अक्षरातलं नाव वाचा आणि आधीच वापरत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

खळगे असतील किंवा मुरूम अजून येतच असतील, तरीही डॉक्टरच गाठा. खळग्यांवर मायक्रोनीडलिंग, सबसिजन, लेझर असे उपचार आहेत. रायपुरात एम्स आणि मेकाहारा, म्हणजे आंबेडकर रुग्णालय, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार असेल, तर ते आधी सांगा, कारण रेटिनॉइडसारखी औषधं तेव्हा चालत नाहीत. जाताना आतापर्यंत चेहऱ्याला लावलेली प्रत्येक ट्यूब आणि लेपाची पुडी पिशवीत घालून न्या.