पाणंद मोकळी, तर ऊस वेळेवर



गळीत हंगाम तोंडावर आला की तोडीची तारीख, टोळी आणि वाहन यांची आपल्याला काळजी लागते. पण ऊस फडातून सडकेला येणार कुठून, हा विचार गाडी रुतल्यावरच सुचतो. तुटलेला ऊस पडून राहिला की वजन घटते, उताराही घसरतो. चोवीस तासांत तो गव्हाणीत पडावा, हे आपण जाणतोच. म्हणून पाणंद बंद पडली की नुकसान आपलेच.

ही अडचण उसापुरती नाही. डहाणू तालुक्यातील घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूही नाशवंत माल. पिकला की मऊ पडतो, थांबत नाही. वाडीला कुंपण हवेच, पण माल बाहेर न्यायला वाटही तितकीच हवी.

इंग्लंडात शेतांतून सार्वजनिक पायवाटा जातात. कुंपण आडवे आले, तर माणूस ओलांडील पण गुरे अडतील अशा लाकडी पायऱ्या बसवतात. १९८० च्या कायद्याप्रमाणे त्या राखणे जमीनमालकाचे काम. रास्त खर्चाचा किमान चौथा हिस्सा सरकारी यंत्रणा देते. तरीही कितीतरी ठिकाणी स्वयंसेवकच करवत-हातोडा घेऊन पायऱ्या आणि कुंपणे दुरुस्त करतात. आपल्याकडे यालाच श्रमदान म्हणतात.

मग आपण काय करावे? पाऊस उघडला की पाणंदीवरच्या सगळ्या खातेदारांनी एक दिवस ठरवावा. शेर, घाणेरी, बाभळीच्या पुढे आलेल्या फांद्या दोन्ही अंगांनी छाटाव्यात. काटे वाटेत टाकू नयेत, टायर फुटतात. कडेचे चर उपसावेत, कारण रस्ता मोडतो तो साचलेल्या पाण्याने. चर मोकळे झाल्यावरच खड्ड्यात दगड आणि वर मुरूम घालावा. पाटाचे पाणी रस्त्यावरून सोडू नये, खालून सिमेंटचा पाईप टाकावा. कलंडलेले खांब उभे करावेत आणि कवाड भरलेली ट्रॉली जाईल एवढे रुंद ठेवावे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा : दुसऱ्याचे कुंपण परस्पर उपटायचे नाही. आधी गावनकाशा पाहा, शेजाऱ्याला बोलवा, चहा पाजा. तरीही जमले नाही, तर तहसीलदारांकडे जाता येते. बांधावरून वाट हवी असेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे. वहिवाटीची वाट कोणी बेकायदा अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चे कलम ५ आहे. तिथे मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. पुष्कळजण ‘बघू, बघू’ करत ही मुदत घालवतात.

अर्ज, तारखा, वकील यांत हंगाम निघून जातो. कुदळ-फावड्याने तेच काम एका दिवसात होते. साखर कारखाना आपण एकजुटीने उभा केला. त्याच्याकडे जाणारी वाट राखणे आपल्याला जड जाऊ नये.