ओटाचा डाग आणि वांग: लेसरची साठ वर्षं

थिओडोर मेमन यांनी 1960 साली पहिला रुबी लेसर चालवून दाखवला, आणि 1963 पर्यंत सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन त्याचे परिणाम माणसाच्या त्वचेवर तपासू लागले होते. गडद त्वचा हा प्रकाश जास्त शोषते, हे त्यांना दिसलं. पण उष्णता आजूबाजूला पसरे आणि डागाच्या जागी व्रण राहण्याची भीती असे.

हा तिढा 1983 मध्ये सुटला. संशोधक रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांचं म्हणणं असं, की मेलॅनिनचा कण इतका बारीक असतो की तो एका मायक्रोसेकंदाच्या आतच निवतो. झोत त्याहून छोटा, म्हणजे काही नॅनोसेकंदांचा ठेवला, तर कण फुटतो आणि शेजारची त्वचा वाचते. असे छोटे झोत देणारे क्यू-स्विच्ड लेसर चेहऱ्यावरच्या डागांसाठी वापरात आले ते याच विचारावर.

या लेसरचं सर्वांत मोठं यश म्हणजे ओटाचा डाग. कपाळ, डोळ्याभोवतीचा भाग आणि गाल एका बाजूने निळसर-करडे करणारा हा डाग आशियाई स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. पूर्वी त्यावर गोठवणं, त्वचा घासणं किंवा मेकअपखाली झाकणं, एवढंच हाती होतं. 1994 मध्ये जपानी डॉक्टरांनी क्यू-स्विच्ड रुबी लेसर घेतलेल्या 114 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. काही सिटिंग्जमध्ये डाग फिके होत गेले, आणि व्रण राहिले नाहीत. जन्मभर तोंड वळवून बोलणाऱ्या माणसाला हे काय देऊन जातं, ते आकड्यांत मावत नाही.

या यशाच्या भरात तेच झोत वांगावर वापरले गेले, आणि तिथे मात्र घात झाला. ओटाच्या डागात रंगाच्या पेशी खोलवर अडकून पडलेल्या असतात. एकदा फुटल्या की बहुधा काम संपतं. वांगात रंग बनवणं चालूच राहतं. ऊन, गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिक कल, सगळं त्याला खतपाणी घालतं. उष्णतेनेही या पेशी चिडतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत तर लेसरनंतर डाग अधिकच काळा होऊ शकतो. पुढे कमी ऊर्जेचं 'लेसर टोनिंग' पूर्व आशियातून सगळीकडे पसरलं. त्यानेही अनेक सिटिंग्जनंतर काहींच्या गालांवर पांढरे ठिपके उमटले, आणि ते घालवणं वांगाहून अवघड.

त्यामुळे जाणता डॉक्टर आज वांगासाठी लेसर शेवटी काढतो. आधी रोजचं सनस्क्रीन, तेही लोहाचे ऑक्साइड असलेलं, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत वांग वाढवतो. मग क्लिगमन आणि विलिस यांच्या 1975 च्या, स्टेरॉइड असलेल्या तिहेरी मलमाचे आजचे प्रकार, तेही ठरावीक काळच, किंवा ट्रॅनेक्झामिक ॲसिड. असं मलम दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने चोळलं, तर त्यातल्या स्टेरॉइडने त्वचा पातळ आणि लाल होते. अशा चेहऱ्यावर लेसरचा विचार करण्याआधी ती त्वचा सावरू द्यावी लागते, आणि लग्नाची तारीख जवळ आली म्हणून हा वेळ कमी करता येत नाही.