खेळता खेळता चड्डीत शू

काल पाळणाघरात अडीच वर्षांचं एक पिल्लू ठोकळे रचता रचता थबकलं, पाय आवळले आणि चड्डी ओली. माझ्याकडे बघून ओठ काढले.

मी एवढंच म्हटलं, "शू झाली ना? चल, कोरडी चड्डी घालू." रागावलं की मुलं शू दाबून ठेवायला लागतात.

खेळाच्या नादात शू लागल्याचं त्यांना उशिरा कळतं. "लागली का?" विचारलं की उत्तर "नाही"च! त्यापेक्षा झोपून उठल्यावर, जेवणानंतर आणि दर दोनेक तासांनी सरळ घेऊन जा. इलॅस्टिकची सैल चड्डी घाला. नाडी, बटणं नकोत.

शी कडक होत असेल तर आधी ते बघा, बद्धकोष्ठतेमुळे शूसुद्धा सुटते. शू करताना मूल रडलं तर डॉक्टरांना दाखवा.

तुमचं कुठे अडतंय? नक्की विचारा.