एका प्रबंधाची गोष्ट

विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक दालन असे असते की, तेथे सहसा कोणी फिरकत नाही. विद्यार्थ्यांनी पदवीसाठी लिहिलेले प्रबंध तेथे ओळीने उभे असतात. पुठ्ठ्यावर सोनेरी अक्षरे, पहिल्या पानावर मार्गदर्शकाची सही, आणि त्यानंतर वर्षानुवर्षे शांतता. हे प्रबंध लिहून कोणाचे काय भले होते, असा प्रश्न पालक विचारतात, क्वचित प्राध्यापकही विचारतात, आणि परीक्षा जवळ आली म्हणजे स्वतः विद्यार्थीही विचारू लागतात. या प्रश्नाचे उत्तर तर्काने देण्यापेक्षा एका घडलेल्या हकीकतीच्या आधाराने द्यावे, असे मला वाटते. ती हकीकत अमेरिकेतील आहे. परंतु तिच्यातील बोध कोणत्याही देशातील विद्यापीठाला लागू पडावा असा आहे.

न्यूयॉर्क शहराच्या मॅनहॅटन भागात, लेक्सिंग्टन अव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर, १९७७ मध्ये एक उत्तुंग इमारत उभी राहिली. एका मोठ्या बँकेसाठी ती बांधली गेली, म्हणून तिला सिटीकॉर्प सेंटर म्हणत. ५९ मजले, ९१५ फूट उंची, आणि माथ्यावर ४५ अंशांनी उतरते केलेले छप्पर. तिचे वास्तुशिल्पज्ञ होते ह्यू स्टबिन्स आणि तिचा सांगाडा रचणारे अभियंते होते विल्यम लेमेझुरियर. दोघेही आपापल्या क्षेत्रात नाणावलेले.

या इमारतीचे खरे नवल मात्र माथ्यावर नव्हते, पायाशी होते. ज्या जागेवर ती उभारावयाची, तिच्या एका कोपऱ्यात जुने चर्च होते. चर्चच्या मंडळींनी व्यवहार मान्य केला. पण अट अशी घातली की, त्याच कोपऱ्यात आम्हाला नवे, स्वतंत्र चर्च बांधून मिळाले पाहिजे. एका कोपऱ्यात चर्च आले म्हणजे त्या कोपऱ्यात इमारतीचा खांब येणे नाही. यावर तोड म्हणून लेमेझुरियर यांनी चारही खांब कोपऱ्यांतून काढून प्रत्येक बाजूच्या मध्यावर आणले. हे खांब ११४ फूट उंच. मधोमध उद्वाहकांचा गाभा, चार बाजूंच्या मध्यावर चार खांब, आणि त्यांवर तोललेला तो प्रचंड मनोरा, असे हे दृश्य आहे. आपल्या घरातील चौरंगाचे पाय कोपऱ्यांतून काढून कडांच्या मध्यावर बसवले, तर तो जसा दिसेल, तशी ही रचना होती. कोपरे अधांतरी राहिल्यामुळे तेथील भार मध्यावरच्या खांबांकडे वळवणे प्राप्त झाले, आणि त्यासाठी प्रत्येक बाजूस उलट्या-सुलट्या कोनांत प्रचंड तिरप्या तुळया घातल्या. वाऱ्याचा जोरही याच तुळयांनी पेलावयाचा होता.

याच सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठात डायन हार्टले नावाची एक विद्यार्थिनी स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीचा अभ्यास करीत होती. तिचे मार्गदर्शक प्राध्यापक डेव्हिड बिलिंग्टन यांची एक स्वतंत्र दृष्टी होती. पूल असो वा मनोरा, त्याकडे तीन अंगांनी पाहिले पाहिजे, असे ते शिकवीत. पहिले अंग शास्त्रीय: ही वस्तू उभी कशी राहते? दुसरे सामाजिक: तिच्यासाठी पैसा कोणी घातला, तिच्यामुळे आसपासच्या माणसांचे काय झाले? तिसरे प्रतीकात्मक: ती पाहणाऱ्याला काय सांगते? हार्टलेने आपल्या प्रबंधासाठी नवी सिटीकॉर्प इमारत निवडली, आणि या तिन्ही अंगांनी तिचा विचार करण्याचे ठरवले. एकाच प्रबंधात वास्तुकला, अभियांत्रिकी आणि समाजशास्त्र! आपल्याकडे अशा विषयाला कोणत्या विभागाचा शिक्का मारावा, यावरच कदाचित पुष्कळ खल झाला असता.

शास्त्रीय अंगाचा विचार करताना तिने वाऱ्याचा हिशेब मांडला. इमारतीच्या एका बाजूवर वारा सरळ आदळला, तर तुळयांवर किती ताण येतो, हे पाहण्याची रूढ रीत होती, आणि न्यूयॉर्कच्या बांधकाम-नियमांनाही तेवढेच पुरे होते. हार्टलेने कोपऱ्यावर तिरका येणारा वाराही हिशेबात घेतला. असा वारा एकाच वेळी दोन बाजूंना ढकलतो. त्याच्या जोराचे दोन भाग केले, तर प्रत्येक बाजूच्या वाट्याला मूळ जोराचा सुमारे सात दशांश भाग येतो. काही तुळयांत हे दोन भाग परस्परांना छेदतात आणि तेथील ताण नाहीसा होतो. परंतु उरलेल्या तुळयांत ते एकमेकांत मिळतात. सात आणि सात मिळून चौदा. म्हणजे जेथे दहा धरले होते, तेथे चौदा झाले. ताण ४० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या, कोपऱ्यांत खांब असलेल्या इमारतीत याची विशेष चिंता नसते. येथे मात्र खांब बाजूंच्या मध्यावर होते.

हार्टलेने याविषयी लेमेझुरियर यांच्या कचेरीतील एका कनिष्ठ अभियंत्याला विचारले. इमारत पुरेशी मजबूत आहे, असे तिला सांगण्यात आले. विद्यार्थ्याने यापुढे काय करावे? समोर अनुभवी माणसांची कचेरी. आपण अजून पदवीही न मिळवलेले. तिने आपले आकडे प्रबंधात लिहिले, मिळालेले आश्वासनही लिहिले, १९७८ मध्ये प्रबंध सादर केला, पदवी घेतली, आणि ती आपल्या मार्गाने निघून गेली.

इकडे त्याच वर्षाच्या जून महिन्यात लेमेझुरियर यांनी तिरक्या वाऱ्याचा हिशेब स्वतः पुन्हा मांडला. एका विद्यार्थ्याने दूरध्वनीवरून या इमारतीच्या खांबांविषयी प्रश्न विचारला, आणि त्या निमित्ताने आपण हा विषय पुन्हा हाती घेतला, असे ते पुढे सांगत. हिशेबात तो ४० टक्क्यांचा आकडा निघाला. एवढ्याने ते डगमगले नसते. परंतु थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना दुसरी एक गोष्ट कळली होती. तुळयांचे सांधे मूळ आराखड्यात वितळजोडाचे, म्हणजे वेल्डिंगचे, होते. प्रत्यक्ष बांधकामात खर्च वाचावा म्हणून ते बोल्टने जोडण्यात आले, आणि त्यांच्याच कचेरीने ही गोष्ट मान्य केली होती. बोल्टची संख्या ठरवताना तिरका वारा कोणी विचारात घेतला नव्हता.

येथे एक लहानसे गणित आपण करून पाहू. वारा सांध्याला ओढतो; इमारतीचे वजन त्याला दाबून ठेवते. समजा, ओढ ४ आणि दाब ३. बोल्टने पेलावयाची उरते ती ओढ १. आता वाऱ्याची ओढ ४० टक्क्यांनी वाढली, म्हणजे ५.६ झाली. वजन मात्र तेच. दाब ३ च राहिला. उरली २.६. वारा ४० टक्क्यांनी वाढला, पण सांध्यावरील ओढ १६० टक्क्यांनी वाढली! लेमेझुरियर यांना नेमका हाच आकडा मिळाला. वातविवरात, म्हणजे कृत्रिम वारा निर्माण करून प्रतिकृतींची परीक्षा करतात त्या बोगद्यात, या इमारतीची चाचणी घेणारे कॅनडातील वायुविज्ञानतज्ज्ञ ॲलन डॅव्हनपोर्ट यांच्याशी त्यांनी सल्लामसलत केली. निष्कर्ष भयंकर होता. इमारतीच्या डोलण्याला आवर घालण्यासाठी माथ्यावर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा बसवला होता. तो विजेवर चाले. वादळात वीज गेली, तर सरासरी सोळा वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळानेही ही इमारत कोसळू शकेल, असे त्यांचे गणित सांगत होते.

गप्प बसावे, की बोलून नाव आणि व्यवसाय दोन्ही पणाला लावावे, असा पेच त्यांच्यापुढे होता. मनात आत्मघाताचा विचारही येऊन गेला, हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले. अखेर ते बोलले. बँकेच्या प्रमुखांना आणि शहराच्या अधिकाऱ्यांना सर्व कळवण्यात आले. ऑगस्ट १९७८ पासून रात्रीचे काम सुरू झाले. कचेऱ्या सुटल्यावर सांध्यांभोवती लाकडी आडोसे उभारावयाचे, रात्रभर सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या वितळजोडाने बसवावयाच्या, आणि सकाळी कारकून मंडळी येण्यापूर्वी सर्व झाडून साफ करावयाचे. असे २०० हून अधिक सांधे होते. सप्टेंबरच्या आरंभी ‘एला’ नावाचे चक्रीवादळ अटलांटिक किनाऱ्याकडे सरकू लागले. आसपासची वस्ती हलवण्याची योजना गुप्तपणे तयार होती. सुदैवाने वादळ समुद्राकडे वळले. शरद ऋतूत काम पुरे झाले.

शहराला यातले काय कळले? जवळजवळ काहीच नाही. ऑगस्टमध्येच न्यूयॉर्कच्या मोठ्या वृत्तपत्रांत संप सुरू झाला होता, आणि जे निवेदन प्रसिद्ध झाले, त्यात काळजीचे कारण नाही असाच सूर होता. सर्व हकीकत लोकांपुढे आली ती १९९५ मध्ये, एका नियतकालिकातील लेखाने. म्हणजे १७ वर्षांनी. आपल्या प्रबंधातील प्रश्नाचा या प्रकरणाशी संबंध असावा, हे हार्टलेलाही त्यानंतरच, एक माहितीपट पाहताना, उमगले.

या गोष्टीला आणखी दोन पदर आहेत, आणि प्रामाणिकपणासाठी ते सांगितले पाहिजेत. लेमेझुरियर यांना दूरध्वनी करणारा विद्यार्थी नेमका कोण, हे निर्विवाद ठरलेले नाही. पुढे न्यू जर्सीतील वास्तुकलेच्या एका विद्यार्थ्याचेही नाव पुढे आले. दुसरे असे की, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी अलीकडच्या काळात नव्या पद्धतींनी वाऱ्याच्या भाराची फेरतपासणी केली, आणि तिरका वारा त्या वेळी वाटला तितका घातक नव्हता, असा निष्कर्ष काढला. मग विद्यार्थिनीचा प्रश्न चुकला काय? मला तसे वाटत नाही. तिने जे विचारले, त्याचे उत्तर १९७८ मध्ये कोणापाशीही तयार नव्हते. ते गणित मांडले गेले, तेव्हाच सांध्यांतील उणीव नजरेस आली. प्रश्नाची किंमत तो अखेर किती टक्के बरोबर ठरला यावर ठरत नाही. त्यामुळे कोणती गोष्ट तपासली गेली, यावर ठरते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अनुभवी अभियंत्यांच्या ध्यानात न आलेली गोष्ट विद्यार्थ्यांनाच का सुचावी? ते अधिक हुशार होते म्हणून नव्हे. व्यवसायात पडलेला माणूस आपल्या वाट्याचे काम पाहतो. वास्तुशिल्पज्ञ आकार पाहतो, अभियंता भार पाहतो, ठेकेदार खर्च पाहतो. चर्चच्या अटीमुळे खांब सरकला, खांब सरकल्यामुळे वाऱ्याचे गणित बदलले, आणि खर्चामुळे सांधा बदलला. ही साखळी सबंध पाहण्याचे काम कोणाच्याच वाट्याला आलेले नव्हते. विद्यार्थ्याला ठरलेला वाटा नसतो. त्याचा त्यात पैसा गुंतलेला नसतो, आणि अब्रूही नसते. म्हणून ‘हे असे का?’ हा प्रश्न तो निर्भयपणे विचारू शकतो.

परंतु याच गोष्टीत विद्यार्थ्यांच्या संशोधनाची दुर्बलताही दिसते. प्रश्नाला उत्तर म्हणून आश्वासन मिळाले, गणित मिळाले नाही. विद्यार्थ्याला वडीलकीच्या सुराने ‘सर्व ठीक आहे’ असे सांगणे सोपे असते. आकडे काढून त्याच्यापुढे ठेवणे कष्टाचे असते. हे कष्ट त्या दिवशी कचेरीने घेतले असते, तर उणीव कदाचित तेव्हाच सापडली असती. आणि ज्या लोकांच्या डोक्यावर हा मनोरा उभा होता, त्यांना १७ वर्षे काही सांगण्यात आले नाही. पोलादाचा सांधा एका ऋतूत दुरुस्त झाला. शास्त्र आणि समाज यांच्यामधला सांधा तसाच राहिला. बिलिंग्टन यांच्या तीन अंगांपैकी सामाजिक अंग प्रबंधात होते, पण व्यवहारात त्याचा विसर पडला.

आपल्याकडेही ही दृष्टी अगदीच अपरिचित नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रामीण भागाला उपयुक्त अशा तंत्रज्ञानाच्या अभ्यासासाठी १९८५ मध्ये एक केंद्र स्थापन झाले. तेथील विद्यार्थी महाराष्ट्रातील गावांत जाऊन पाणीपुरवठ्याच्या योजनांचा अभ्यास करतात. गावातील नळाला पाणी का येत नाही, याचे कारण कधी नळाच्या उतारात सापडते, कधी विजेच्या बिलात, आणि कधी गावाच्या कारभारात. एकट्या अभियंत्याला किंवा एकट्या समाजशास्त्रज्ञाला ते हाती लागणे कठीण. विद्यार्थी दोन्हीकडे डोकावतो, म्हणून ते त्याला दिसण्याचा संभव अधिक.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे इतकेच की, प्रबंधाचा विषय निवडताना डोळ्यांपुढे उभी असलेली एखादी खरी वस्तू घ्या: गावचा पूल, शाळेची इमारत, पाण्याची टाकी. ती उभी कशी आहे, कोणासाठी आहे, आणि कोणाच्या अटींमुळे तिला तिचा आकार आला, हे तिन्ही विचारा. आश्वासन मिळाले तर आदराने ऐका, आणि तितक्याच आदराने गणित मागा. आणि आपण जी वडीलधारी मंडळी आहोत, प्राध्यापक, अभियंते, अधिकारी, त्यांनी असा विद्यार्थी दाराशी आला तर त्याला बसवून घ्यावे आणि कागद-पेन्सिल काढून त्याच्याबरोबर तो हिशेब पुन्हा एकदा करावा. बरोबर निघाला तर अर्ध्या तासाचे नुकसान होईल. चुकला असेल, तर तो त्या दिवशी कळलेला बरा.